भावाची दारू आणि सट्टा, दोन्ही एकत्र. मुंबईत उपचार कुठे आणि कसे?

निळी_शाई | शुक्रवार, रात्री ११:५२

नमस्कार. ओळख पटू नये म्हणून दोनचार तपशील बदललेत, बाकी सगळं जसंच्या तसं.

धाकटा भाऊ, वय ३६. लालबागला आईजवळ राहतो, मी डोंबिवलीत. दारू कॉलेजपासूनची, पण गेली काही वर्षं रोजची आणि आता सकाळचीही. उठल्यावर हात इतके थरथरतात की घोट घेतल्याशिवाय दाढी होत नाही. सट्ट्याची सुरुवात रमीच्या ॲपपासून. ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा आला, पैशांचे सगळे खेळ बंद झाले, तेव्हा आम्ही घरात पेढे वाटायचेच बाकी होते. महिनाभरात कुणीतरी टेलिग्रामवरून 'आयडी' दिला, म्हणजे बेकायदा सट्ट्याच्या साइटवरचं खातं. आता जगात कुठेही क्रिकेट चालू असो, हा पहाटे तीनला जागा. बॉलबॉलवर लावतो, आणि ते पिऊनच.

देणी: पतपेढी (पगारातून कापून जाते), दोन लोन ॲप, ऑफिसातले मित्र आणि एक बुकी. आईने पाटल्या मोडून एकदा सगळं फेडलं होतं. वहिनी मुलीला घेऊन चिपळूणला माहेरी गेली, आणि तिचं मला चुकीचं वाटत नाही.

मागे एका खासगी केंद्रात ठेवला होता. दारू तिथे सुटली. जुगाराचं मात्र कुणी विचारलंसुद्धा नाही, समुपदेशक म्हणाले, "दारू सुटली की ते आपोआप जाईल." घरी आल्यावर बाटली नव्हती पण फोन हातातून सुटत नव्हता. एका रात्री मोठी रक्कम हरला आणि सकाळी क्वार्टर घेऊनच घरी आला.

आधी कशाचा उपचार करायचा? मुंबईत दोन्ही एका ठिकाणी होतं का? कर्ज आम्ही फेडावं का? आणि मामांचं म्हणणं आहे की खोलीत आठ दिवस कोंडा, दारू उतरेल. हे बरोबर आहे का?

चहाबाज | शनिवार, सकाळी ७:१५

ताई, गावाला पाठवा सहा महिने. शेतात राबला की सगळं सुटतं. आमच्या आत्याच्या दिरांचं तसंच सुटलं.

लोकल_८१५ | शनिवार, सकाळी ७:४०

चहाबाज, गावात आता नेटवर्क घरापेक्षा चांगलं आहे आणि देशीचं दुकान एसटी स्टँडसमोर. आत्याच्या दिरांच्या काळात आयडी नव्हते.

डॉ_कैरी | शनिवार, सकाळी १०:०५

मनोविकारतज्ज्ञ आहे. सगळ्यात निकडीचा तुमचा शेवटचा प्रश्न आहे, म्हणून तोच आधी.

कोंडू नका. सकाळी हात थरथरतात आणि घोट घेतला की थांबतात याचा अर्थ शरीर दारूवर अवलंबून आहे. अशा माणसाची दारू एकदम तोडली तर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. त्यानंतर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, काही जणांना 'डिलिरियम ट्रेमेन्स' होतो: भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, कुठे आहोत याचं भान राहत नाही, ताप चढतो, छाती धडधडते. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. मामांना हे स्पष्ट सांगा. पूर्वी कधी फिट आली असेल तर घरी प्रयोग नकोच, थेट दाखल करा.

हॉस्पिटलात काय होतं? क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी औषधं ठरलेल्या मात्रेत देतात आणि काही दिवसांत कमी करत आणतात. थायमिन, म्हणजे बी-१, बऱ्याचदा इंजेक्शनने देतात. दारुड्याच्या पोटात धड अन्न नसतं, त्यात हे जीवनसत्त्व संपलेलं असलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात "अशक्तपणा आहे, ग्लुकोजची बाटली लावा" असा आग्रह धरू नका, थायमिन आधी.

आता तुमचा पहिला प्रश्न. शरीराचा धोका दारूचा आहे, त्यामुळे पहिला आठवडा तिचा. पण पहिल्याच दिवशी केसपेपरवर दोन्ही व्यसनं लिहिली गेली पाहिजेत आणि दोन्हींच्या उपचाराचा आराखडा एकत्र झाला पाहिजे. "आपोआप जाईल" हे मलाही नेहमी ऐकू येतं. जुगार हा आजार म्हणून अमेरिकन वर्गीकरणात १९८० साली आला, पण 'आवेगाचे विकार' या खणात. २०१३ मध्ये तो तिथून काढून दारू-ड्रग्जच्या शेजारी, व्यसनांत ठेवला. आपल्या पिढीतले बरेच डॉक्टर आणि समुपदेशक त्याआधी शिकून बाहेर पडलेले, म्हणून तो प्रश्न तोंडात येतच नाही.

दोन्ही एकत्र असणं नवल नाही. अमेरिकेतल्या ४३ हजारांवर लोकांच्या पाहणीत (निष्कर्ष २००५ चे) जुगाराचा आजार असलेल्यांपैकी ७३ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी दारूचा विकारही होता, आणि ३८ टक्क्यांना ड्रग्जचा. दारूने ब्रेक सैल होतो, मोठा डाव लावला जातो. हरल्यावरची तगमग दारूने बुडवायची. सकाळी उठून 'कालचे परत मिळवू' म्हणून पुन्हा लावायचं. यातलं एकच चाक थांबवलं तर दुसरं त्याला पुन्हा फिरवतं, तुमच्याकडे नेमकं तेच झालं.

औषधांबद्दल: जुगारासाठी म्हणून मान्यता मिळालेली एकही गोळी आज नाही. पण नाल्ट्रेक्सोन दारूची ओढ कमी करते आणि काही जुगाऱ्यांनाही तिचा उपयोग झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे, म्हणून दोन्ही असतील तर आम्ही तिचा विचार करतो. सुरू करण्याआधी लिव्हरच्या तपासण्या. आणि तो ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध घेत असेल तर ते सांगितलंच पाहिजे, नाहीतर गोळी घेतल्याबरोबर प्रचंड त्रास होतो. शिवाय नैराश्य, बायपोलर आहे का ते बघावं लागतं. उन्मादाच्या झटक्यात लाखांनी लावणारे वेगळे असतात, त्यांचा उपचारही वेगळा.

आणि एक. कर्ज उघडं पडतं तो दिवस किंवा मोठी हार झाल्यानंतरची रात्र जिवाला धोक्याची असते. "माझ्यामागे सगळं सुटेल", "विम्याचे पैसे मिळतील" असं काही बोलला तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने विचार येत नाही. त्या रात्री एकटं सोडू नका. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, फुकट आहे.

मोगरा_७१ | शनिवार, दुपारी १२:३०

डॉक्टर, एक विचारू का? आमच्या शेजारणीने नवऱ्याला न सांगता आमटीतून गोळी दिली होती, दारू पिली की उलट्या होतात ती. मेडिकलवाल्यानेच दिली. चालतं का असं?

डॉ_कैरी | शनिवार, दुपारी १२:५०

अजिबात नाही. ती बहुतेक डायसल्फिराम. गोळी पोटात आहे हे माहीत नसताना माणूस नेहमीसारखी अर्धी बाटली प्यायला तर रक्तदाब कोसळतो, हृदयावर ताण येतो, मृत्यूही होऊ शकतो. ही गोळी त्याच्या संमतीने, तपासण्या करून, रोज कुणाच्या तरी समोर घेतली तरच उपयोगाची. वर्तमानपत्रातल्या 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' या पुड्यांमध्ये काय असतं देव जाणे.

गिरणगावकर | शनिवार, दुपारी ४:२०

निळी_शाई, तुम्ही लालबाग लिहिलंत म्हणून राहवलं नाही. मी तिथलाच, चाळीत वाढलेला.

हे दुखणं आपल्याकडे जुनं आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव इथे तारेने यायचे आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. १९६१ ला ते भाव बंद झाले. मग १९६२ ला कल्याणजी भगतने वरळी मटका काढला आणि १९६४ ला रतन खत्रीने न्यू वरळी. गिरणीची पाळी सुटली की एक रांग गुत्त्यावर आणि दुसरी आकडा घेणाऱ्याकडे, कधी कधी माणसंही तीच. ओपन (पहिला आकडा) लागला की आनंदाची दारू, क्लोज (दुसरा) चुकला की दुःखाची. पगाराच्या दिवशी बायका गिरणीच्या गेटवर उभ्या राहायच्या, नवऱ्याचं पाकीट घरी पोहोचावं म्हणून. माझी आजीही त्यात होती.

तरी तेव्हाच्या मटक्याला एक मर्यादा होती. दिवसातून ठरावीक वेळा आकडा निघायचा, आणि लावायला नाक्यावर चालत जावं लागायचं. आकडेवाला ओळखीचा, कधी कधी तोच आजीला येऊन सांगायचा, "काकी, आज मोठा लावलाय त्याने." आता दर चेंडूला आकडा फुटतो आणि नाका खिशात आहे. त्या पोराला नुसतं 'मनाचा दुबळा' म्हणू नका एवढंच सांगायचं होतं.

स्पष्टवक्ता | शनिवार, सायंकाळी ६:०२

हे सगळे लाड आहेत. चार रट्टे दिले असते वेळेवर तर ही वेळ आली नसती. आजार म्हणे.

संपादक | शनिवार, सायंकाळी ६:४५

इथे एका कुटुंबाने मदत मागितली आहे. रट्ट्यांची चर्चा करायची असेल तर वेगळा धागा काढा. पुढचे तसे प्रतिसाद उडवले जातील.

एक_दिवस_एकदाच | शनिवार, रात्री ९:१०

मी दारुडा आहे, बरीच वर्षं प्यायलो नाही. जुगारीही आहे. माझे तीन पत्तीचे दिवस होते, ॲप नव्हतं, पण लोणावळ्याच्या बंगल्यावर शुक्रवार ते सोमवार जायचो.

आमच्या एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस) मीटिंगा मुंबईभर आहेत: शाळेचे वर्ग, चर्चचे हॉल. मराठीतही होतात. फी नाही, नाव-पत्ता विचारत नाहीत. जुगारासाठी गॅम्ब्लर्स अनॉनिमस ही वेगळी संघटना, १९५७ साली लॉस एंजेलिसला सुरू झालेली, तीच बारा पायऱ्यांची पद्धत. एएच्या मानाने तिचे गट फार कमी, पण ऑनलाइन मीटिंगा असतात. भावाला दोन्ही दाखवा. एएमध्ये जुगारावरच बोलत बसलं की कुणीतरी म्हणतं, "भाऊ, इथे फक्त दारूचं." त्यात त्यांची चूक नाही, पण नव्या माणसाला ते लागतं आणि तो परत येत नाही. मी स्पॉन्सरला, म्हणजे एएमधल्या माझ्या जुन्या मार्गदर्शक सोबत्याला, बाजूला घेऊन जुगाराचं सगळं सांगितलं होतं, रकमांसकट. रकमा सांगणं पिण्याचं सांगण्यापेक्षा जड जातं. दारू तोंडाला वास मारते, घरच्यांना कळतेच. जुगाराला वास नाही.

आईंसाठी अल-अनॉन आहे, दारुड्याच्या घरच्यांचा गट. त्यांना तिथे एकदा तरी न्या. पाटल्या मोडणारी आई तिथे त्यांना प्रत्येक खुर्चीवर दिसेल.

जागांबद्दल. वांद्र्याची कृपा फाउंडेशन, फादर जो परेरांनी १९८१ मध्ये सुरू केलेली. वसईलाही त्यांचं निवासी केंद्र आहे, आणि अय्यंगार योग हा तिथल्या दिनक्रमाचा भाग. पुण्याचं मुक्तांगण सगळ्यांना माहीत आहे: १९८६, डॉ. अनिता आणि अनिल अवचट, पुलंची मदत. मुंबईतून खूप जण तिथे जातात. कुठेही फोन कराल तेव्हा पहिलाच प्रश्न हा विचारा: "जुगाराचं काय करता?" उत्तर "ते आपोआप" असं आलं तर फोन ठेवा.

काळा_कोट | रविवार, सकाळी ९:३५

वकील आहे. कर्जाचा भाग माझा.

बुकीचं देणं: भारतीय करार कायदा १८७२, कलम ३०. पैजेचा करार रद्दबातल, त्यावर दावा लागत नाही. आपल्याकडे तर मुंबई इलाख्याचा १८६५ चा जुना कायदाही आहे, जो पैजेला जोडून केलेल्या इतर करारांनाही रद्दबातल ठरवतो. म्हणजे बुकी कोर्टात जाऊ शकत नाही. म्हणूनच तो दारात येतो. धमकी आली तर मेसेज, कॉल जपून ठेवा आणि पोलिसांत जा. २०२५ च्या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैसे फिरवणाऱ्याला आहे. निव्वळ खेळणारा त्यात आरोपी नाही. या भीतीपोटी तक्रार टाळू नका. मात्र एक जपा: हे आयडीवाले "तुझं खातं महिन्याभरासाठी वापरू दे, कमिशन देतो" म्हणतात. कर्जात बुडालेला माणूस हो म्हणतो आणि मग खातं गोठतं, पोलीस घरी येतात. भावाला हे नीट विचारा.

लोन ॲप: रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत, नातेवाइकांना, मित्रांना बदनामीचे मेसेज पाठवता येत नाहीत, आणि ॲपला तुमच्या फोनमधली नावांची यादी घेता येत नाही. फोटो बदलून पाठवायची धमकी आली तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार. ॲपमागे नोंदणीकृत बँक किंवा वित्तसंस्था आहे का ते आधी तपासा.

पतपेढी: ते खरं कर्ज आहे, फेडावं लागेल. जामीनदार कोण आहेत ते बघा, ऑफिसातल्याच दोघांच्या पगारातून कापलं जाऊ शकतं. आई किंवा वहिनी सहकर्जदार किंवा जामीन नसतील तर त्यांच्यावर जबाबदारी येत नाही. कुणी कितीही ओरडून सांगितलं तरी.

दाखल करण्याबद्दल: फोन केला की चार माणसं गाडी घेऊन येतात आणि उचलून नेतात, अशी केंद्रं आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार केंद्राची नोंदणी लागते, आणि संमतीशिवाय दाखल करायचं तर कलम ८९ची पद्धत आहे: नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी, कमाल ३० दिवस, कळवणं बंधनकारक. नोंदणी क्रमांक मागा. भिंतीवर लावलेला नसेल तर पुढे बोलूच नका.

मेडिक्लेम: याच कायद्याचं कलम २१ म्हणतं की विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं, आणि दारू-ड्रग्जशी निगडित मानसिक स्थिती कायद्याच्या व्याख्येतच आहेत. तरी पॉलिसीतल्या वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा, दावा नाकारला तर लेखी कारण घ्या.

हिशेबनीस | रविवार, सकाळी ११:१५

"कर्ज फेडावं का" याला माझं उत्तर: एकदम, एका हाताने, कधीच नाही. तुमच्या आईने पाटल्या मोडल्या त्या दिवशी भावाच्या दृष्टीने काय झालं? खातं कोरं झालं, म्हणजे नव्याने लावायला जागा झाली.

त्याऐवजी: एका वहीत सगळी देणी लिहून घ्या, त्याच्या हाताने, त्याच्या समोर. पहिल्या यादीत हमखास काहीतरी लपवलेलं असतं, आठवड्याने पुन्हा विचारा. पगार ज्या खात्यात येतो तिथे ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा खाली आणा, कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद ठेवायची सोय २०२० पासून प्रत्येक बँकेला द्यावी लागते. क्रेडिट कार्ड परत करा. पगार आला की त्याच दिवशी घरखर्च आणि हप्ते दुसऱ्या खात्यात, ज्याचं पासबुक तुमच्याकडे. आईचं पेन्शनचं खातं, एटीएमचा पिन, फोनचं लॉक सगळं बदला. कपाटाची किल्लीही. वाईट वाटेल, पण बदला.

मोगरा_७१ | रविवार, दुपारी १:००

इतकं सगळं काढून घेतलं तर त्याला माणूस म्हणून काय उरलं? कमावता आहे तो. माझ्या नणदेने नवऱ्याचा सगळा पगार ताब्यात घेतला तर त्याने बाहेरून जास्त व्याजाने घेतले.

हिशेबनीस | रविवार, दुपारी १:२५

मुद्दा मान्य. म्हणून त्याला न विचारता करू नका. "सहा महिने पैशांचं मी बघते, महिन्याला एवढे तुझ्या हातात, दर रविवारी वही उघडू" असं बोलून ठरवा. चोरून काढून घेतलं तर तोही चोरूनच मिळवेल.

एक_दिवस_एकदाच | रविवार, दुपारी २:१०

माझ्याबाबतीत बायकोने खातं घेतलं तेव्हा मला राग आला नव्हता, हायसं वाटलं होतं. अर्थात मी तेव्हा मीटिंगला जायला लागलो होतो. त्याआधी घेतलं असतं तर मी भांडी विकली असती.

दलालपुत्र | रविवार, रात्री १०:३०

जरा बाजूचा प्रश्न. माझा चुलतभाऊ रमी बंद झाल्यावर शेअर बाजारातल्या ऑप्शन्समध्ये (मुदतीच्या सौद्यांत) गेला. म्हणतो, हे कायदेशीर आहे, अभ्यास आहे. एक्स्पायरीच्या, म्हणजे सौद्याची मुदत संपते त्या दिवशी दुपारी दोनपासून बिअर उघडतो. हाही जुगारच ना?

डॉ_कैरी | रविवार, रात्री ११:२०

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं: तीन वर्षांत वायदे-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. अर्थात तोटा होणं हा आजार नव्हे. कायदेशीर आहे की नाही यावरूनही आजार ठरत नाही. घोड्यांच्या शर्यतीही कायदेशीर आहेत आणि महालक्ष्मीहून आलेले पेशंट मी बघितलेत.

आमच्याकडे झटपट चाचपणीचे दोन प्रश्न आहेत. एक: अधिकाधिक पैसे लावायची गरज वाटते का? दोन: किती लावलं याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलंय का? एकालाही 'हो' आलं तर पुढे सविस्तर तपासायचं. 'लावणे' च्या जागी 'ट्रेड' घालून चुलतभावाला विचारा. आणि बिअर, ती ट्रेडच्या आधी येते की तोट्यानंतर, तेही.

निळी_शाई | बुधवार, रात्री १०:४५

सगळ्यांचे आभार. प्रत्येकाला वेगळं लिहिणं जमत नाहीये.

मामांना डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून दाखवला, कोंडण्याचा विषय संपला. भावाशी रविवारी सकाळी बोलले, तो त्यातल्या त्यात शुद्धीत असतो तेव्हा. 'व्यसन' म्हटलं की उठून जातो, म्हणून झोप येत नाही आणि हात थरथरतात यावरून सुरू केलं. "झोपेसाठी डॉक्टरकडे येतो" इथपर्यंत तयार झाला. केईएम घरापासून चालत, तिथे मानसोपचार विभाग आहे आणि व्यसनमुक्तीचंही बघतात. आज गेलो होतो. सकाळी लवकर गेलो तरी रांग होतीच.

तरुण डॉक्टर होत्या. दारूचं सगळं विचारून झाल्यावर मी म्हटलं, मॅडम, सट्टाही आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि त्यालाच विचारलं, किती, कशावर, कधीपासून. मी बाहेर थांबले. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "तिला बुकीचं पण सांगितलं." मला रकमेचा आकडा अजून माहीत नाही, आणि आज विचारलाही नाही.

उद्या दाखल करायचं म्हणतायत. पूर्वी एकदा फिट आली होती हे आईने तिथेच पहिल्यांदा सांगितलं! मलाही माहीत नव्हतं.

वहिनीला फोन केला. ती येणार नाही म्हणाली, पण मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलू देईन, तो पिलेला नसेल तर. मी आग्रह केला नाही.

आता प्रश्न: सोबत काय न्यायचं? आणि फोन त्याच्याजवळ ठेवू द्यायचा का?

डॉ_कैरी | बुधवार, रात्री ११:३०

फिटचं उद्या वॉर्डातल्या डॉक्टरांनाही पुन्हा सांगा, केसपेपरवर लिहिलंय असं धरून चालू नका. आणि आज रात्री दारू पूर्ण बंद करायला लावू नका. ती हॉस्पिटलात, औषधांच्या आधाराने बंद होईल. मात्र आधीच्या केंद्रातली उरलेली झोपेची गोळी वगैरे दारूवर देऊ नका, श्वास मंदावतो. रात्री फिट आली किंवा बरळायला लागला तर सकाळची वाट बघायची नाही, थेट कॅज्युअल्टी.

न्यायचं ते: आधार कार्ड, आधीच्या केंद्राची डिस्चार्ज समरी (नसेल तर मागून घ्या, देणं त्यांचं काम आहे), चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, जुने रक्ताचे रिपोर्ट, मेडिक्लेम असेल तर कार्ड. सोबत घरचं एक माणूस लागेल, रात्रीही. आईंना एकटीला बसवू नका, मामांना कामाला लावा.

फोनबद्दल वॉर्डाचा नियम काय ते सिस्टरना विचारा. परवानगी असली तरी स्मार्टफोन घरी आणि बटणाचा साधा फोन त्याच्याकडे, हे उत्तम. पण त्याला सांगून, त्याच्या हातून घ्या. सिम काढायच्या आधी बँकेचे ओटीपी कुठे येतात ते बघून ठेवा, नाहीतर पतपेढीच्या हप्त्याच्या वेळी धावपळ होईल.

काळा_कोट | गुरुवार, सकाळी ७:०५

फोन घरी ठेवण्याआधी बुकीचे आणि लोन ॲपचे सगळे मेसेज, कॉलची यादी, पैसे पाठवल्याच्या नोंदी यांचे स्क्रीनशॉट त्याच्या समोर काढून स्वतःला पाठवून ठेवा. टेलिग्रामवरचं समोरचा माणूसही पुसू शकतो. आयडी देणाऱ्याचा नंबर तेवढा वेगळा लिहून घ्या.

निळी_शाई | गुरुवार, सकाळी ७:२०

काढते. आठला निघतोय, मामा टॅक्सी बघायला खाली गेलेत.